मंगळवारचं पान

मला एका जागी बसवत नाही. दूध तापेपर्यंत गॅसपाशी उभं राहणं मला कधी जमलं नाही, त्यामुळे आमच्या घरात दूध नेहमी उतू जातं. अशा बाईला सोसायटीची सेक्रेटरी करू नये. पण धायरीतल्या आमच्या दोनशे बारा फ्लॅटांत दुसरं कोणी तयार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला ते पद हवंच होतं.

हवं होतं ते सांडपाण्याच्या प्लांटसाठी. खडकवासला एवढं जवळ, तरी आमचा निम्मा महिना टँकरवर जातो. बिल्डरने बांधून दिलेला प्लांट मात्र कुलूप लावून पडला होता. तीन वर्षांपूर्वी भांडून भांडून मी तो चालू करायला लावला. आता सगळ्या घरांचं आंघोळीचं, भांड्यांचं, संडासाचं पाणी तिथे जातं आणि निवळून फ्लशला नि बागेला परत येतं. उरलेलं कुंपणापलीकडे हिंदुरावांच्या झेंडूला मिळतं. गाळ वाळवला की त्याचं खत होतं, तेही हिंदुरावच नेतात. गाळातून थोडा गॅस निघतो, त्यावर वॉचमनच्या केबिनमध्ये चहा होतो. निम्मी सोसायटी तो चहा पीत नाही. मी पिते, आणि पिताना त्यांच्याकडे मुद्दाम बघते.

हे सगळं चालवतो ज्ञानदेव. तो वाशीमकडचा, पंप-रूमच्या मागच्या खोलीत बायको आणि मुलीला घेऊन राहणारा. प्लांटमध्ये खरं काम करतात जिवाणू. ज्ञानदेव त्यांना हवा पुरवतो, त्यांच्या तब्येतीवर लक्ष ठेवतो आणि सगळं रजिस्टरमध्ये लिहितो. रोज सकाळी दहाला तो टाकीतलं पाणी काचेच्या उंच मोजनळीत भरतो आणि अर्धा तास हलवत नाही. जिवाणू धडधाकट असले की तपकिरी गाळ तळाशी बसतो आणि वर स्वच्छ पाणी उरतं. ती नळी बघायला मी पाच मिनिटांच्या वर कधी थांबले नव्हते.

सोमवारी घट बसणार होते. त्याआधीच्या बुधवारी टाकीवर गुडघाभर पांढरा फेस आला. गुरुवारी असा वास सुटला की सी बिल्डिंगमधल्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. आमचे चेअरमन विक्रम, वय चौतीस, आयटी कंपनीत मॅनेजर. त्यांनी दुपारी ग्रुपवर टाकलं, ‘रविवारी दहा वाजता जनरल मीटिंग. विषय : ऑपरेटरला काढणे आणि प्लांट बंद करून फुल टँकर.’ खाली अंगठ्यांचा पाऊस पडला.

मी तडक खाली गेले.

“काय केलंत ज्ञानदेव? तीन वर्षांत असं कधी झालं नाही!”

“पाहून राह्यलो मॅडम,” तो म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. “सगळे मेले जी. एकही नाही राह्यला.”

“अहो पण कशाने?”

तो व्हॉल्व्ह बघायला गेला. माझ्या हाताला चाळा लागतोच, म्हणून मी टेबलावरचं रजिस्टर उघडलं. पान पस्तीस, मंगळवार. त्याचं अक्षर शाळेतल्या मुलासारखं गोल आहे.

‘चारही बिल्डिंगच्या पिण्याच्या पाण्याच्या टाक्या धुतल्या. ब्लिचिंगचे पाणी लाइनीत आले. मॅडमना सकाळी सांगितले होते की एकाच दिवशी करू नका, पाणी लाइनीत सोडू नका. मॅडम म्हणाल्या, तुमचे काम गटाराचे.’

मी ते दोनदा वाचलं. मग सगळं आठवलं. घटाला ताजं पाणी हवं म्हणून बायकांनी धोशा लावला होता. चार दिवस रोज एक टाकी धुवायची, तर चार दिवस लक्ष द्यावं लागलं असतं. मी माणसं बोलावली, पोतंभर ब्लिचिंग पावडर आणली आणि संध्याकाळच्या आत सगळं उरकून टाकलं. जिन्यात ज्ञानदेव आडवा आला होता. मी फोनवर होते. फोनवर हात ठेवून मी त्याला म्हणाले होते, “ज्ञानदेव, तुमचं काम गटाराचं. टाक्यांचं माझ्यावर सोडा.” आणि पुढे गेले होते.

मला लाज वाटली. पण लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. मी रजिस्टर मिटलं, पेन परत वर ठेवलं आणि मनाशी हिशेब मांडायला लागले. सेक्रेटरीनेच प्लांट मारला हे कळलं की विक्रमना आयतं कोलीत मिळणार आणि प्लांट कायमचा बंद होणार. म्हणजे गप्प राहणं प्लांटच्या भल्याचं होतं. असा छान, सोयीचा विचार मी जिना चढेपर्यंत तयार केला. गप्प राहिले तर ज्ञानदेवची नोकरी आणि खोली दोन्ही जाणार, हा भाग मी त्यातून वगळला.

एक उपाय होता. रविवारच्या आत जिवाणू परत जगवून दाखवायचे. शेजारच्या सोसायटीच्या प्लांटमधून ज्ञानदेवने सहा पिंपं जिवंत गाळ आणला. त्यांना चारायला शेण आणि गूळ हवा होता. गूळ मी आणला. शेणासाठी कुंपणापाशी जाऊन हिंदुरावांना हाक मारली. आमच्या इमारती त्यांच्याच रानावर उभ्या आहेत. आता एकरभर झेंडू आणि तीन म्हशी उरल्या आहेत.

“शेण पायजे व्हय? किती पाट्या?” ते म्हणाले. “न्या की. रान आमचं, त्यावर इमारती तुमच्या, आता तुमच्या गटारात शेणबी आमचंच. फिरून आमच्याच रानात येतंय म्हणून देतो. पर बाई, दसरा तोंडावर हाय. दोन दिस झालं पाणी न्हाय, कळ्या सुकाय लागल्यात.”

मी पाट्या उचलून दिल्या. साडीला शेण लागलं. बरं वाटलं, निदान काहीतरी करत होते.

पण जिवाणूंना घाई कळत नाही. शुक्रवारी दहाला ज्ञानदेवने नळी भरली आणि मी समोर बसले. तीन मिनिटांनी उठले. परत बसले. मोबाइल काढला, ठेवला, दारापर्यंत गेले, परत आले. सगळी नळी राखाडी, वरपासून खालपर्यंत सारखीच. शनिवारी तळाशी बोटभर काहीतरी दिसलं.

“बसून राह्यलं थोडं थोडं,” ज्ञानदेव म्हणाला.

“थोडं म्हणजे? उद्यापर्यंत होईल का?”

“त्याहीच्या हातात आहे मॅडम.” मग तो जरा थांबला. “तुमचं नाव कुठं येनार नाही, काळजी नका करू.”

मी ते पान वाचल्याचं त्याला कळलं होतं. रजिस्टरवर पेन तो नेहमी उजवीकडे ठेवतो, मी डावीकडे ठेवलं होतं. त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी गूळ किती उरला ते विचारलं.

रविवारी पार्किंगमध्ये दीडशे माणसं जमली. ज्ञानदेवने भरलेली नळी आणून टेबलावर ठेवली.

“अर्धा तास द्या साहेब,” तो विक्रमना म्हणाला. “मंग तुम्हीच पाहा.”

“फाइन. तोपर्यंत डेटा बघू,” विक्रम म्हणाले. “रजिस्टर?”

त्यांनी पानं उलटली आणि थांबले. मग रजिस्टर उंच धरून सगळ्यांना दाखवलं.

“चौतीस नंतर डायरेक्ट सदतीस. मंगळवारचं पान फाडलंय. ज्या दिवशी प्रॉब्लेम झाला, एक्झॅक्टली तेच पान! आता अजून काय प्रूफ हवंय?”

गलका झाला. कोणीतरी म्हणालं, “म्हणजे चोराच्या मनात चांदणं.” ज्ञानदेव मान खाली घालून उभा होता.

“चहा सांडला व्हता त्यावर,” तो म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नाही, हे दीडशे माणसांना एका दमात कळलं.

मी नळीकडे बघितलं. सात मिनिटं झाली होती. मला वाटलं, अजून तेवीस मिनिटं थांबावं. वर पाणी निवळलं तर सगळेच विसरतील, ज्ञानदेव राहील, प्लांट राहील, आणि मीही. आयुष्यात पहिल्यांदा मला थांबावंसं वाटत होतं. तेवढ्यात विक्रम म्हणाले, “ज्ञानदेव, महिनाअखेरपर्यंत खोली रिकामी करा.”

“ते पान मी वाचलंय,” मी म्हणाले.

कोणाला ऐकू गेलं नाही. मी ओरडले, “ते पान मी वाचलंय! गप्प बसा जरा.”

मग सगळं सांगितलं. ब्लिचिंग, टाक्या, ज्ञानदेवने दिलेला इशारा. बी बिल्डिंगमधल्या सुशीलाबाई पहिल्या रांगेतून म्हणाल्या, “हे गुरुवारीच सांगितलं असतंत तर आमचा रविवार वाचला असता.”

मी पद सोडते म्हणाले. कोणी आग्रह केला नाही. ज्ञानदेवला काढायचा विषय विक्रमनीच मागे घेतला, आणि प्लांटला एक महिना मिळाला. माणसं चहाला पांगली. नेहमीप्रमाणे निम्मी आमच्या चहाकडे न बघता.

साडेदहा वाजले होते. नळीत गाळ निम्म्यापर्यंत बसला होता. वरचं पाणी तांदळाच्या धुवणासारखं होतं, स्वच्छ म्हणता येईल असं नाही. पण खाली जे बसलं होतं ते तपकिरी होतं.

ज्ञानदेवने रजिस्टर ओढून आकडा लिहिला.

“मंगळवारचंही परत लिहा,” मी म्हणाले.

“काहून मॅडम? झालं ना आता.”

“लिहा.”

त्याने गोल अक्षरात लिहिलं, ‘मंगळवारी टाक्या धुतल्या. ब्लिचिंगचे पाणी लाइनीत आले. जिवाणू मेले.’ आणि पेनचं टोपण लावलं.

मी पेन मागून घेतलं आणि त्याच्या ओळीखाली लिहिलं, ‘ज्ञानदेव यांनी नको म्हणून सांगितले होते. मी त्यांना म्हणाले, तुमचे काम गटाराचे.’ खाली पूर्ण नाव घालून सही केली, कल्याणी, आडनावासकट.

त्याने रजिस्टर आपल्याकडे वळवलं. ओळीवरून बोट फिरवत सावकाश वाचलं. शेवटच्या तीन शब्दांवर बोट थांबलं.

“हे म्या घरी नव्हतं सांगतलं, मॅडम,” तो म्हणाला. “बायकोलेही नाही. फक्त इथंच लिहिलं होतं.”

मला उठून जायचं होतं. मी बसून राहिले.