नाही म्हणता येईल असं वाक्य

सुदेश सरांनी गौरजाचा कागद परत तिच्याच हातात दिला, तोही हसत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. एम. ए.च्या पोरीला एक वेळ राग सोसतो, हसणं सोसत नाही.

कागदावर एकच वाक्य होतं: ‘प्रस्तुत शोधनिबंधात आमच्या गावातील वायंगण शेतीच्या ऱ्हासाची विविध कारणे अभ्यासली आहेत.’ वायंगण म्हणजे पावसाळी भात कापून झालं की व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या पाण्यावर घेतलेलं दुसरं पीक. तिच्या लहानपणी गावात ते व्हायचं. कुडाळच्या कॉलेजातल्या चर्चासत्रात ती त्यावर निबंध वाचणार होती आणि तो बाबांना अर्पण करणार होती. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. अर्पणाच्या ओळी केव्हाच लिहून तयार, आणि निबंधाचा अजून पत्ता नाही, असा सगळा उलटा कारभार.

“हे गाऱ्हाणं झालं,” सर म्हणाले. “देवळात गाऱ्हाणं घातलं की सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून मोकळे होतात. मुख्य विधान कौलासारखं हवं. गुरव देवाला पाकळी लावतो, ती उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. तुझ्या वाक्याला ‘नाही’ म्हणणारं कोणी आहे का? नसेल, तर तो नुसता विषय. सोमवारी विधान आण, नाहीतर चर्चासत्रातून तुझं नाव काढतो.”

गावच्या एसटीत बसल्या बसल्या तिला विधान सुचलंसुद्धा: पाणी आटल्यामुळे वायंगण बंद पडलं. बाबा आयुष्यभर हेच सांगत आले होते. कुडाळच्या बिऱ्हाडात जेवताना गावचा विषय निघाला की ते भात कालवत म्हणायचे, “व्हाळाक पाणीच रवला नाय, मगे काय करतलंस?” आता परशुरामकाकांना, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाला, तेवढं विचारून घ्यायचं आणि सोमवारी सरांच्या टेबलावर ठेवायचं.

पण स्टॉपवर उतरून ती व्हाळाशी आली आणि थबकली. भात कापून महिना होऊन गेला होता, तरी पाणी खळखळत होतं, कोणी अडवायला नाही म्हणून सरळ खाडीकडे चाललं होतं. तिचं विधान तिथल्या तिथे वाहून गेलं.

व्हाळ अडवणारा बांध इथेच घालायचे. तिला सगळं आठवलं. आदल्या संध्याकाळी बाबा शेताच्या मेरेवर उभे राहून हाळी द्यायचे, “उद्या बांधाक येवा रेऽऽ!” त्यांचा आवाज पार पलीकडच्या वाडीत पोचायचा. सकाळी घरटी एक माणूस हजर. पुरुष दगड रचायचे, झावळ्या टाकायचे, वर चिखल थापायचे, आणि तो तुडवायला पोरं सोडायची. पायाच्या बोटांतून वर येणारा तो गार चिखल! मग बांधावरच पेज आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. तसं सांबारं तिने पुन्हा कधी खाल्लं नाही. आई करायची, पण कुडाळात चिखल कुठून आणणार?

काका खळ्यात सुपाऱ्या सोलत होते. चहा होईपर्यंत तिने दम धरला, मग नवं वाक्य टाकलं. “काका, पाणी आटलं म्हणून वायंगण गेलं नाही. माणसं बांधाला यायची थांबली म्हणून गेलं.”

“नाय!” काकांनी हातातली सुपारी खाली टाकली. “माणसांका नावां ठेवू नको हां. माणसा येय होती. पण बोलावणारो कोण रवलेलो? तुझो बापूस नोकरीक कुडाळाक गेलो, ता वर्स हाळीच पडाक नाय.”

गौरजाने कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, “तुम्ही द्यायची होती.”

“मी?” काका सोललेल्या सुपाऱ्यांकडे बघत राहिले. “हाळी त्याची गो. मी दरवर्साक म्हणी, यंदा येतलो, शनवारी येतलो. वाट बघता बघता बांध रवलो तो रवलोच. मगे त्येना पाणी आटल्याचा निमित काढल्यान, नि मीय व्हय म्हटलंय. बरा पडला दोघांकाय.”

परतीच्या एसटीत ती कागद मांडीवर घेऊन बसली. बाबांना अर्पण करायच्या निबंधात बाबांनाच जबाबदार कसं धरायचं? पाण्याचं वाक्य सोपं होतं, सगळ्यांच्या सोयीचं होतं. फक्त ते खरं नव्हतं. व्हाळावरच्या छोट्या पुलावर गाडी आली. इथे आलं की बाबा नेहमी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघायचे. आज ती मुद्दाम पाण्याकडे बघत राहिली, डोळे भरून आले तरी.

सोमवारी सरांनी कागद वाचला: ‘पाणी आटल्यामुळे नव्हे, तर बांधासाठी हाळी देणारा माणूस नोकरीनिमित्त बाहेर गेल्यामुळे आमच्या गावातील वायंगण शेती बंद पडली.’

त्यांनी ते पुन्हा वाचलं. आज ते हसले नाहीत.

“आता बोल. ह्याला ‘नाही’ कोण म्हणेल?”

“बाबा म्हणाले असते, सर.”

सरांनी कागदावर सही केली. अर्पणाच्या ओळी काढायच्या का, असं त्यांनी जपून विचारलं.

“नको,” गौरजा म्हणाली. “त्या आहेत तशाच राहू देत.”