बाबांचा गिलावा

जुन्या टपालघराला अनुदान मंजूर झालं तेव्हा आमच्या वस्तीच्या समितीत सगळ्यात जास्त मी नाचले, आणि अटी वाचल्यावर सगळ्यात आधी माझंच तोंड उतरलं. जुन्या इमारती जपणाऱ्या वस्त्यांना मिळतं तसं ते लहानसं अनुदान. त्यात एकच काम करायचं होतं: दगडी भिंतींवरचा सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा करायचा. सिमेंटमुळे ओल आत कोंडते आणि दगड कुजतो, असं पाहणीला आलेल्या बाई सांगून गेल्या होत्या.

तो गिलावा माझ्या बाबांचा. मी शाळेत असताना टपालघर पाडायचं घाटत होतं. बाबा गवंडी. त्यांनी पदरचं सिमेंट घालून, सुट्ट्या मोडून भिंती गुळगुळीत केल्या आणि पाडापाडी टळली. तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते तिथे नेत. "फिरवा हात. लागतं का काही हाताला?" पाहुणे बिचारे चहा गार करून भिंत कुरवाळून येत.

आता हे त्यांना सांगणार कोण? बाबांचा राग परवडला, पण ते गप्प बसले तर माझ्याने बघवत नाही. गिलावा निघणार हे गाळून, भिंतींना चुना लावणार एवढंच सांगायची पळवाट मी काढली. "काम होईपर्यंत दादाकडे राहून या. इथे नुसती धूळ उडेल."

"सरकार पैसे देऊन चुना लावतंय आणि मी बघायचंही नाही?" असं म्हणून बाबा हसत हसत गेले, आणि आठवडाभरात परत आले. घरी न येता पिशवीसकट थेट टपालघरात.

कुणीतरी सांगितलं म्हणून मी धावत पोचले, तर एक कामगार छिन्नी आपटत करवादत होता, "कुठल्या गाढवानं थापलंय हे? सुटता सुटत नाही!"

"मी," बाबा म्हणाले.

कामगार ओशाळला. पाहणीच्या बाई तिथेच होत्या. बाबांनी उघड्या पडलेल्या दगडावर बोट फिरवलं, तर दगड ओल्या पिठासारखा बोटाला आला.

"म्हणजे मी हात लावला नसता तर दगड धड राहिला असता?"

"हो," बाई म्हणाल्या. "पण इमारत राहिली असती का, ते मला नाही सांगता येणार."

बाबांनी बोट पिशवीला पुसलं. मग त्यांनी बाह्या सरसावल्या. "आण ती छिन्नी. माझं आहे, मीच काढतो."

संध्याकाळी घरी येताना त्यांनी विचारलं, "यासाठी मला दादाकडे धाडलंस?"

"हो."

"भिंतीचं वाईट वाटलंच गं. पण तेव्हा सगळेच सिमेंट लावायचे. पोटच्या पोरीला माझ्याशी बोलायची भीती वाटली, ते जास्त लागलं."

मला रस्त्यातच रडू फुटलं. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि पुढे चालू लागले.

आता भिंतींवर चुना आहे. पाहुणे आले की बाबा अजूनही त्यांना तिथे नेतात आणि हात फिरवायला लावतात. तळवा पांढरा होतो. "आधीचा गिलावा माझा होता," ते सांगतात, "चुकला होता." त्या वेळी मी अजूनही दुसरीकडे बघते. बाबा मात्र पाहुण्यांकडे बघूनच बोलतात.