खालचं टोक

दोघा भावांचा सामान हलवण्याचा धंदा होता आणि बारा वर्षं जिन्यावर एकच रीत होती. थोरला वर, धाकटा खाली. वरच्याला डोकं लागतं, खालच्याला नुसते हात, असं थोरला गिऱ्हाइकांना हसत सांगायचा. वजनाचं काय, ते दोघांना अर्धं अर्धंच.

धाकट्याचा डावा पाय आता सकाळी उठल्यावर बधिर असायचा. मणक्यातली गादी सरकली आहे, असंच ओझं पेलत राहिलात तर वर्षभरात काठी हातात येईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. त्याने दादाकडे एवढंच मागितलं की जिन्यावर पाळीपाळीने खाली राहू. दादाने त्याला कामचुकार ठरवलं. फोनवरून कामं घेणाऱ्या वहिनीने तर चार लोकांत विचारलं, भाऊजींना आता कपाटात बसवून न्यायचं का.

मग धाकट्याने गोदामात शंभर किलोचं एक लोखंडी कपाट आडवं टाकलं. एक टोक वजनकाट्यावर, दुसरं खालच्या कडेने साखळीच्या कप्पीला टांगलेलं. कपाट सपाट होतं तोवर काट्यावर पन्नास दिसले. दादा-वहिनींच्या डोळ्यांदेखत त्याने साखळी ओढून वरचं टोक जिन्याच्या चढाइतकं उचललं. काटा बासष्टवर गेला.

मुलीच्या शाळेच्या पुस्तकात वाचलेलं त्याने आपल्या भाषेत सांगितलं. कपाटाचा सगळा भार जणू त्याच्या पोटातल्या एका जागेतून सरळ खाली जातो. कपाट सपाट असलं की ती जागा दोघांच्या बरोबर मध्ये. तिरकं केलं की पोट खालच्याच्या बाजूला कलतं आणि वरच्याकडे अडतीसच उरतात. जितकं तिरकं, तितकं खालच्याचं मरण.

“काटा बिघडलाय,” दादा म्हणाला. वहिनी म्हणाली, पुस्तकं वाचून कपाटं उचलता आली असती तर मास्तरांनीच हा धंदा केला असता.

दुसऱ्या दिवशी तसंच एक कपाट चौथ्या मजल्यावरून उतरवायचं होतं. धाकटा मुकाट्याने वरच्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि हलेना. दादाने दात-ओठ खाल्ले, पण घरमालकीण दारात उभी होती. तो खाली गेला.

एक मजला बरा गेला. दुसऱ्यावर दादाच्या मनगटांच्या शिरा टरारल्या. वळणावर त्याने कपाट टेकवायला लावलं आणि आत काहीतरी राहिलंय म्हणून घरमालकिणीवर डाफरला. तिने खाली येऊन कपाटाचं दार उघडून दाखवलं. आत साधं हँगरसुद्धा नव्हतं.

पुन्हा उचललं. धाकट्याची कंबर ठणकत होती, म्हणून वाकायचं टाळून तो ताठ झाला. त्याचं टोक वीतभर वर गेलं.

“वर धरू नकोस,” दादा खालून ओरडला. “वाक जरा. तू ताठ झालास की सगळं माझ्यावर येतं.”

धाकट्याचा पाय पायरीवरच थांबला. ताठ उभं राहायची लकब दादाचीच. बारा वर्षं वळणावळणावर दादा असाच छाती काढून उभा राहायचा, आणि खालून ‘दादा, जरा वाक’ म्हटलं की, भिंतीला घासेल, असं उत्तर यायचं.

“म्हणजे तुला माहीत होतं,” धाकटा म्हणाला.

कपाटाआडून दादाने एक पायरी खाली टाकली.

उरलेला जिना धाकटा ताठच उतरला. रस्त्यावर कपाट टेम्पोत चढलं तेव्हा दादाच्या मुठी उघडेनात. तो टेम्पोच्या चाकाला टेकून बसला आणि रस्त्याकडे बघत म्हणाला, “उद्यापासून पाळीपाळीने.”

“पाळीपाळीने उचलीन मी,” धाकटा म्हणाला, “पण तुझ्याबरोबर नाही.”

तो चालत निघाला. डावा पाय थोडा फरफटत होता. मागून दादाने शिवी दिली, तरी त्याने वळून पाहिलं नाही.