रिताचा साफ फोटो

मित्रांनो, मी स्वतःला जुना मोबाइल म्हणवतो, तेव्हा तुम्ही हसाल. माझं वय अवघं पाच वर्षांचं. पण आम्हा मोबाइलांमध्ये पाच वर्षांचा म्हणजे म्हातारा. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे, बाजूचं बटण दाबलं की आतच अडकतं, आणि पाठीवर जिथे कॅमेऱ्याचं भिंग होतं, तिथे आता एक भोक आहे. ते भोक कसं पडलं ते मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म दूरच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे पातळ हातमोजे घातलेल्या मुली ओळीने बसत आणि आमचे अवयव जागच्या जागी बसवत. माझ्या कॅमेऱ्याचं भिंग हरभऱ्याच्या डाळीहून लहान होतं. त्याच्याभोवती केसासारख्या तारेचं वेटोळं आणि बाजूला इवलासा चुंबक. तारेतून वीज गेली की भिंग जरासं पुढे किंवा मागे सरकायचं आणि समोरची वस्तू स्पष्ट व्हायची. यालाच फोकस म्हणतात. हे सरकणं तुमच्या नखाच्या जाडीपेक्षाही कमी असतं. पण तेवढं झालं नाही, तर समोर देव उभा राहिला तरी तो धुकटच दिसणार.

तुमसरच्या एका दुकानातून मला राजकुमारने विकत घेतलं. राजकुमारचं बपेरा गावात बियाण्यांचं आणि खतांचं दुकान होतं. तो धानाचे नमुने तळहातावर घेऊन माझ्याकडून त्यांचे फोटो काढायचा आणि बालाघाटपर्यंतच्या व्यापाऱ्यांना पाठवायचा. दाण्यावरचं कूस न् कूस दिसायचं. "दाणा मोजून घ्या, असा फोटो येते याच्यात," असं तो येईल त्याला सांगत असे. ते ऐकून मला फार बरं वाटायचं. ती माझ्या उमेदीची वर्षं होती.

एकदा ट्रकमधून पोती उतरवताना तो वाकला आणि मी त्याच्या खिशातून सुटून दुकानाच्या दगडी पायरीवर आपटलो. माझा पुढचा कॅमेरा कायमचा काळा पडला. मागच्याचं भिंग अडकलं. राजकुमारने मला सदऱ्याला घासलं, फुंकर मारली, चार वेळा तळहातावर आपटलं. माझं भिंग आतल्या आत टकटक करत राहिलं, पण जागेवर येईना. आठवड्याभरात त्याने नवा मोबाइल आणला आणि मला आपल्या बहिणीला देऊन टाकलं.

तिचं नाव रिता. वय सव्वीस. आईवडील राहिले नव्हते, म्हणून ती भाऊ आणि वहिनीजवळ राहत होती. ओसरीत शिवणयंत्र टाकून ती ब्लाऊज शिवायची आणि त्यांवर बारीक नक्षी भरायची. बारा वर्षांची असताना तिच्या डाव्या डोळ्याच्या कडेला एक पांढरा डाग उठला. तो हळूहळू गालावरून ओठापर्यंत उतरला. कोड. तो दुखत नव्हता आणि त्याच्यापासून कुणाला काही होणारही नव्हतं. तरी गावातल्या बाया तिच्याकडून ब्लाऊज शिवून नेत आणि लग्नघरी तिला हळदीला हात लावू देत नसत. काहींनी तिच्यासाठी चहाचा कप वेगळा ठेवला होता. तो कप कोणता हे तिला माहीत होतं. ती तो स्वतःच उचलून घ्यायची.

माझी मात्र रिताने फार काळजी घेतली. उरलेल्या हिरव्या जरीच्या कापडाचं तिने मला कव्हर शिवलं आणि ते नीट मिटावं म्हणून जुन्या पर्सचं चुंबकाचं बटण त्याला लावलं. ती ब्लाऊजच्या नक्षीचे फोटो काढून बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना पाठवायची. सगळे फोटो धुकट यायचे. "नीट दिसून नाही राहिलं," असं उत्तर यायचं आणि गिऱ्हाईक जायचं. मला लाज वाटायची, पण माझ्या हातात काही नव्हतं.

त्याच काळात राजकुमार तिच्यासाठी स्थळं पाहत होता. तो आपल्या नव्या मोबाइलने तिचा फोटो काढायचा, पाठवायचा, आणि समोरून काहीच उत्तर येत नसे. अशी चार स्थळं गेली. एका दुपारी त्याची बायको हर्षा हिने सहज माझ्याकडून रिताचा एक फोटो काढला. राजकुमारने मला हातात घेऊन तो पाहिला.

"हा चांगला आला," तो म्हणाला.

"धुकट आहे ना जी," हर्षा म्हणाली.

"म्हणूनच चांगला आला."

मित्रांनो, पडल्यापासून पहिल्यांदाच माझी स्तुती झाली, आणि तीही माझ्या दोषाची. त्या फोटोत रिताचा डाग दिसत नव्हता. सगळा चेहराच दुधात भिजवल्यासारखा झाला होता.

रिताने तो पाहून म्हटलं, "दादा, हे मी नोहो. ज्याले पाठवतेस, तो उद्या येऊन पाहीनच ना?"

"येऊ दे. घरात येऊन बसला माणूस काही उठून जात नाही. तू बोलू नको."

फोटो साकोलीकडच्या एकोडी गावात गेला. तिथल्या सचिन नावाच्या मुलाला तो आवडला. त्याची धानाची शेती होती आणि साकोलीला झेरॉक्सचं दुकान होतं. रविवारी पाहायला येतो, असा त्यांचा निरोप आला. त्याआधी तो तीन वेळा माझ्यावरून रिताशी बोलला. गावच्या तलावात यंदा पाणी किती आहे, दुकानात दिवसभर कोण कोण येतं, असलं काहीबाही. "तुमचा आवाज चांगला आहे," असं एकदा म्हणाला. रिता दरवेळी त्याला सांगायला तोंड उघडायची, पण हर्षा शेजारीच बसलेली असायची.

शुक्रवारी दोरे आणायचं निमित्त करून रिता तुमसरला गेली आणि बसस्टँडजवळच्या मनिषच्या दुकानात तिने मला काउंटरवर ठेवलं. मनिष मोबाइल दुरुस्त करायचा.

"कॅमेरा साफ दिसत नाही. आजच पायजे," ती म्हणाली.

मनिषने आधी माझं भिंग मऊ कापडाने पुसलं. मग कव्हर उलटसुलट करून पाहिलं आणि हसला. "ताई, याच्यात चुंबक कायले लावला? आतलं भिंग बी चुंबकावरच सरकते. हा त्याले ओढून राहिला."

"मीच शिवलं ते," रिता म्हणाली.

तिच्या मायेनेच मला आणखी आंधळं केलं होतं, हे मलाही तेव्हाच कळलं. कव्हर काढल्यावर माझं भिंग थोडं हललं, पण पुन्हा अडकलं. मनिषने मला बंद करून सुरू केलं, कॅमेऱ्याच्या सगळ्या सेटिंग पहिल्यासारख्या करून पाहिल्या. उपयोग झाला नाही. शेवटी त्याने माझी पाठ गरम करून उघडली. पडल्यामुळे तारेचं वेटोळं वाकलं होतं. माझ्याच जातीचा एक मोबाइल पाण्यात पडून मेला होता. त्याचा कॅमेरा काढून मनिषने मला बसवला.

मग तपासायला म्हणून त्याने मला समोर धरलं. समोर रिता होती. फोकसचा पिवळा चौकोन तिच्या चेहऱ्यावर फिरला, गालापाशी थांबला, आणि डागाची कडा न् कडा पडद्यावर उमटली. एवढं स्पष्ट मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"भाजलं काय ताई?" मनिषने विचारलं.

"नाही. कोड आहे."

मनिषने पटकन मला भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळवलं. रिता म्हणाली, "कॅलेंडरचा नोको काढू. माझाच काढ."

त्याने काढला. तिने तो तिथेच उभं राहून सचिनला पाठवला आणि खाली लिहिलं, 'हा माझा खरा फोटो. आधीचा खोटा होता. पाहून मगच ठरवा.' बस बपेऱ्याला पोहोचेपर्यंत तिने मला हातातून खाली ठेवलं नाही. गाव जवळ आलं तेव्हा उत्तर आलं. 'पाहिला. रविवारी येतो.'

तिने ते उत्तर इतक्या वेळा उघडून वाचलं की माझी बॅटरी संपत आली.

रविवारी हर्षाने तिच्या तोंडाला जाड पावडर लावली. पाहुणे ओसरीत बसल्यावर रिता मागे गेली, तोंड स्वच्छ धुतलं आणि तशीच पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. मी तिच्या हाताशी, ट्रेच्या कडेला होतो. राजकुमारचा चेहरा उतरला. सचिनची आई चंद्रकांता मात्र हसली. सोबत त्याचा मामा श्रावण होता. शेजारचे दोनचार जण दारात उभे होते.

"ये, जवळ बस," चंद्रकांता म्हणाली. मग तिने आपल्या मोबाइलवर दोन्ही फोटो एकाखाली एक लावले आणि तो मोबाइल दारातल्या माणसांकडे दिला. "पाहा जी तुम्ही बी. हा भावानं पाठवलेला, हा पोरीनं. आमाले कोणती पोरगी पाहाले बोलावलं, तेवढं सांगा."

मोबाइल हातोहात फिरला. जो तो दोन बोटांनी रिताचा गाल मोठा करून पाहत होता आणि मग मान वर करून खऱ्या गालाकडे पाहत होता.

श्रावण राजकुमारला म्हणाला, "बियाणं बी असंच विकता का जी तुमी? थैलीवर एक अन् आतमंदी दुसरं?"

कुणीतरी हसलं. राजकुमार मान खाली घालून बसला.

रिता उठली नाही. ती सचिनकडे वळली. तो पोहे खात होता. "तुम्ही परवाच पाहिला होता फोटो. येतो म्हणून लिवलं. मंग आता हे काहून?"

सचिनने चमचा बशीत ठेवला. "मी नाही लिवलं," तो म्हणाला. "आईनं लिवलं. तुमच्या भावाले तोंडावर दाखवायचं होतं म्हणे."

"अन् तुमचं काय म्हणणं होतं?"

त्याने आईकडे पाहिलं आणि चमचा पुन्हा उचलला. पाहुणे चहा न घेता उठले.

ते गेल्यावर राजकुमारने विचारलं, "कोणं पाठवला?"

"मी पाठवला."

त्याने तिच्यावर हात उचलला नाही. त्याने मला उचललं. दुकानातून पोती शिवायचं दाभण आणलं, मला पालथं केलं आणि दाभणाचं टोक माझ्या भिंगावर टेकवून जोर दिला. काच फुटली, वेटोळं तुटलं, दाभण पार आतपर्यंत गेलं. दोन दिवसांपूर्वी मिळालेले डोळे असे गेले. शेवटचं मी जे पाहिलं, ते त्याच्या अंगठ्याचं नख.

"आता काढ साफ फोटो," तो म्हणाला आणि मला तिच्या मांडीवर टाकलं.

तेव्हापासून मला दिसत नाही, फक्त ऐकू येतं. श्रावणने ते दोन्ही फोटो सोयरिकीच्या ग्रुपवर टाकले, हे मी ऐकलं. हंगामात कुणी शेतकरी दुकानात येऊन "थैली फोडून दाखवा जी, फोटोवालं बियाणं नोको," असं म्हणून हसला, तेही ऐकलं. घरात राजकुमार रिताशी महिनाभर बोलला नाही.

दिवाळीनंतर नाकाडोंगरीच्या एका स्थळाचा निरोप आला. बायको वारलेला माणूस, नाव गोपीचंद. फोटो मागत होते. राजकुमारने रिताला ओसरीत बसवलं. मी तिच्या मांडीवर होतो. बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

"नव्या मोबाइलच्या काचेले तेल कायले लावून राहिले जी?" हर्षाने विचारलं.

"चूप बस. थोडं धुकट याले पायजे."

रिता उठली. कापड काचेवर घासल्याचा आवाज मी ओळखला, कारण मला ती तसंच पुसायची, हळू आणि गोल. मग ती परत येऊन बसली.

"पुसलं दादा," ती म्हणाली. "आता काढ. मी हललीच नाही तर सगळं साफ येईन."

राजकुमार समोर उभा होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. शिवणयंत्रावरून एक दोऱ्याचं रीळ घरंगळून खाली पडलं, ते कुणी उचललं नाही. फोटो काढल्याचा आवाज मात्र शेवटपर्यंत आला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या मोबाइलचं भिंग मऊ कापडानेच पुसा. त्याच्याजवळ चुंबक ठेवू नका. तो पडला तर त्याला तळहातावर आपटू नका, जाणकाराकडे न्या. एवढी काळजी घेतलीत तर तो तुम्हाला जे आहे ते दाखवील. ते तुम्हाला पाहवलं नाही, तर थोडा वेळ डोळे मिटून घ्या. पण दाभण शोधायला जाऊ नका.