घायपाताचे तीन पंख

मी एक जुना शिकंजा आहे. शिकंजा म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नसणार, आणि तशी अपेक्षाही नाही. खाली एक लोखंडी पाट, वर दुसरा, मधोमध मनगटाएवढा जाड स्क्रू आणि त्याच्या डोक्यावर फिरवायचं चाक. बाइंडरने पुस्तकाला खळ लावली की ते माझ्या दोन पाटांमध्ये जातं आणि दुसऱ्या दिवशी ताठ होऊन बाहेर येतं. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणतोय ते केवळ रीत म्हणून. पुस्तक उघडं पालथं टाकून खेळायला पळणाऱ्यांशी माझी कसली मैत्री!

ओतशाळेतून निघालो तेव्हा मला उचलायला चार माणसं लागली होती आणि चौघांचीही कंबर धरली. तेव्हापासून चाळीस वर्षं मी या एकाच खोलीत आहे. जाडजूड शब्दकोश दाबले, हजेरीपटांचे गठ्ठे दाबले, नकाशांचे ग्रंथ दाबले. लोक पुस्तक हातात घेऊन म्हणायचे, "काय बांधणी आहे!" आणि बाइंडर लाजायचा. दाबायचो मी, लाजायचा तो.

माझ्यात खोट म्हणाल तर एकच. एका शिकाऊ माणसाने पुस्तकाचा कणा ठोकता ठोकता हातोडा सरळ माझ्या खालच्या पाटावर हाणला. तिथे नखाएवढी खोलगट कोर पडली. तेव्हापासून मी जे दाबेन त्याच्या पाठीवर ती कोर उठते. म्हणून बाइंडर आधी माझ्या पाटावर पुठ्ठा अंथरतो आणि मग काम ठेवतो. माझी लाज झाकतो म्हणे. लाज त्या शिकाऊ माणसाला वाटायला हवी होती, तो तर दुसऱ्या महिन्यात काम सोडून गेला.

मग दुकानात स्पायरलचं मशीन आलं. कागदाला भोकं पाडायची, त्यात प्लॅस्टिकची वेटोळी घालायची, आणि त्याला पुस्तक म्हणायचं! जो तो तेच मागायला लागला. मी कोपऱ्यात गेलो. माझ्या चाकावर बाइंडरचा सदरा लटकू लागला, आणि वरच्या पाटावर येणारा-जाणारा ओली छत्री ठेवू लागला. ओली छत्री, लोखंडावर! अशा माणसांना काय बोलणार?

अशात एके दिवशी बाइंडरची भाची आली. नववीतली पोरगी, हातात कायम एक चिमटा, म्हणून तिला सगळे चिमटीच म्हणतात. ती बाइंडरला मामा म्हणते, तेव्हा आपणही मामाच म्हणू. तिच्या बगलेत घायपाताची हिरवी, काटेरी पानं होती. घायपात माहीत आहे ना? कुंपणाला लावतात तो. गाढवसुद्धा ज्याला तोंड लावत नाही तो.

"मामा, मला रॉकेटचे पंख करायचेत," ती म्हणाली. "याच्या धाग्यांचे."

तिच्या शाळेत रॉकेटचा क्लब होता. पुठ्ठ्याची नळी, टोकाला निमुळती टोपी, पोटात इंजिनाची छोटी कांडी आणि शेपटीला तीन पंख. पंख नीट असले तर रॉकेट सरळ वर जातं, नाहीतर भेलकांडत कुठेही घुसतं. बाकीची पोरं पाकिटातून प्लॅस्टिकचे पंख काढून चिकटवायची.

"पाकीट फाडणं म्हणजे काय रॉकेट बनवणं झालं?" चिमटी म्हणाली.

हे एक वाक्य मला पटलं. बाकी सगळं वेडेपणाचं होतं.

तिने पान फळीवर ठेवून बोथट सुरीने खरवडलं. हिरवा गर निघून गेला आणि पांढरे लांब धागे उरले. गराने हात कोपरापर्यंत खाजले. रात्रभर खाजवत बसली असेल, बरं झालं. धागे धुतले, दोरीवर वाळवले आणि मग विंचरले.

"अगं, माझा कंगवा!" मामा ओरडला.

"तुला कशाला लागतो?" चिमटीने त्याच्या टकलाकडे बघत विचारलं.

मग मामाने आपली विद्या पाजळली. कागदालाही धागा असतो, कागद एका बाजूने सहज वाकतो आणि दुसऱ्या बाजूने अडतो. "धागा नेहमी कण्याला समांतर ठेवायचा," तो म्हणाला. "आमच्या धंद्यात ही पहिली गोष्ट शिकवतात." रॉकेटचा कणा म्हणजे त्याची नळी. तेव्हा पंखातले सगळे धागे नळीच्या लांबीला समांतर ठेवायचे ठरले. मी मनात म्हटलं, चला, निदान एवढी अक्कल शाबूत आहे. चाळीस वर्षं मीही याच नियमाने दाबत आलो होतो.

पहिले पंख त्यांनी खळीने चिकटवले. पिठाच्या खळीने! मैदानावरच्या दवाने ते सादळलेल्या पापडासारखे मऊ झाले आणि एक पंख तर उडायच्या आधीच गळून पडला. मला हसू आवरेना. लोखंडाला हसता येत नाही म्हणून वाचले ते.

त्याच आठवड्यात क्लबचे सर दुकानात आले. गळ्यात दोरीला बांधलेलं सेकंदकाट्याचं घड्याळ आणि बगलेत क्लबची पुस्तिका, तीही स्पायरलची.

"पोरी, स्पर्धेला जायचंय आपल्याला," ते म्हणाले. "प्रत्येकाला तीन चाचण्या. तुझी एक गेली. तिन्ही गेल्या तर तुझं नाव यादीतून काढणार. मुकाट्याने पाकीट घे."

"नाही घेणार," चिमटी म्हणाली.

"मग कुंपणातच रहा!" असं म्हणून ते आपल्याच विनोदावर हसले. जाताना माझ्यावर ठेवलेली त्यांची छत्री विसरले, ती तीन दिवस तशीच गळत होती.

दुसऱ्या वेळी दोन बाटल्यांतून मिसळायचा चिवट गोंद आणला. धाग्यांचे थर सारखे पसरले, वर-खाली मेणकागद घातला, खाली पुठ्ठा, आणि मामाने माझं चाक आवळलं. किती वर्षांनी कुणी पूर्ण ताकद लावली! दुसऱ्या दिवशी पाटी निघाली. पिवळसर, चकचकीत, नखाने वाजवली तर टणटण बोलणारी. बारीक करवतीने तीन पंख कापले. मी म्हटलं, आता कोण हरवतंय बघू.

संध्याकाळी चिमटी परत आली ती तुटके तुकडे घेऊन. रॉकेट अर्ध्यावर गेलं, तिन्ही पंख नळीजवळून सरळ रेषेत मोडले आणि उरलेलं धूड गोल गोल फिरत गटारात पडलं. सगळा क्लब हसला म्हणे. ती माझ्या पाटावर कोपर टेकून रडली. रडताना आवाज केला नाही, पण माझ्या लोखंडावर पाणी पडलं आणि ते छत्रीचं नव्हतं.

घायपातच तो, त्याला काय सरळ उडता येणार, असं माझं ठाम मत होतं. मामाने मात्र एक तुकडा उचलला. बाइंडरची सवय, हातात आलेली कुठलीही पाटी आधी वाकवून पाहायची. त्याने तुकडा एका बाजूने वाकवला, तो कट्कन मोडला. दुसरा उचलून आडव्या बाजूने वाकवला. मोडेना. जोर लावला, तरी मोडेना. मामा स्टुलावर बसला आणि त्याने कपाळाला हात लावला.

"चिमटे, चूक तुझी नाही. माझी आहे."

"म्हणजे?"

"धागा कण्याला समांतर ठेवतो ते कशासाठी? पान कण्यापाशी सहज उलटावं म्हणून. हवेचा झोत आडवा लागला आणि पंख पानासारखे उलटले. आपल्याला उलटणारं पान नको होतं गं! मी तुला पुस्तक बांधायला शिकवलं."

ती रडायची थांबली. "मग धागे नळीकडून बाहेर गेले पाहिजेत. टोकापर्यंत."

"आणि एक पातळ थर आडवा. चिरू नये म्हणून."

मित्रांनो, चाळीस वर्षं मी ज्या नियमाच्या जोरावर जगाला नाक मुरडत होतो, तो नियम फक्त पुस्तकांचा होता. घायपात निर्दोष होता. त्याला चुकीच्या दिशेने झोपवून माझ्याइतक्या जोराने कुणी दाबलं नसतं. मला माझीच शरम वाटली, आणि ही गोष्ट मी पहिल्यांदाच सांगतोय, दोनदा विचारू नका.

तिसऱ्या वेळी चिमटी म्हणाली, "पुठ्ठा काढ मामा. तो दबतो, जोर खातो. थेट लोखंडावर ठेवू." मामा कचरला. मग त्याने पुठ्ठा काढला, माझ्या स्क्रूला तेल घातलं आणि दोघांनी मिळून चाक आवळलं. मी जीव खाऊन दाबलं. दोन दिवस सोडलं नाही.

पाटी निघाली तेव्हा तिच्यावर ती कोर उठली होती. पंख कापल्यावर ती नेमकी एका पंखावर आली.

"घासून काढू?" मामाने विचारलं.

चिमटीने त्यावरून बोट फिरवलं. "नको. घासलं तर धागे उघडे पडतील. आणि असू दे ना, या शिकंज्यानेच तर दाबलंय."

चाचणीच्या दिवशी दोघं सकाळीच गेले. दुपार झाली तरी पत्ता नाही. मला काळजी वाटत होती. हो, वाटत होती, दात काढायचं कारण नाही. शेवटी दार उघडलं. चिमटी आत आली, तिने रॉकेट माझ्या पाटावर उभं ठेवलं. तळाशी जळकट वास, अंगावर गवताची कुसळं, आणि तीन पंख. तिन्ही.

मामा सायकल लावून मागून आला. त्याला लांबून सरांचं बोलणं ऐकू आलं नव्हतं. "सर काय म्हणाले गं?"

"म्हणतात कसले! वर बघत राहिले, ते घड्याळ बंद करायला विसरले." मग तीच खोखो हसत सुटली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "नाव राहिलं, मामा. यादीत नाव राहिलं!"

मला उचलायला चार माणसं लागतात. या खोलीतून मी कधी हललो नाही. पण माझी कोर त्या दिवशी वर जाऊन आली, जिथून मैदानावरचे सर मुंगीएवढे दिसले असतील.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंची कीव करू नका, त्याची आम्हाला चीड येते. तेल घाला, चाक फिरवा, काम द्या. आणि कुठल्याही धाग्याला नाव ठेवण्याआधी त्याला दोन्ही बाजूंनी एकदा वाकवून पाहा. मी पाहिलं नव्हतं. आता जा. जाताना माझ्यावर ठेवलेली ती छत्री उचला.