दोन टोपणं पाणी

रविवारी दुपारी नवऱ्याने फ्रीझरमधून व्होडकाची बाटली काढली, ग्लासात उलटी केली, तर थेंब पडेना. आत सगळा बर्फ. लगेच दुकानदाराला फोन लावून सुरू झाला. भेसळ करता, लोकांना मूर्ख समजता, दारू कधी गोठते का? जगात एवढी एकच गोष्ट त्याला पक्की ठाऊक आहे.

मी कांदा चिरत होते. आणि त्या बाटलीत पाणी मी घालत होते.

हो, मीच. भांडून झालं, रडून झालं, अबोला धरून झाला. शेवटी हा मार्ग काढला. औषधाच्या दुकानात काउंटरला असते मी, मापाची सवय आहे. त्याने पेग काढले की दुसऱ्या दिवशी खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने दोन टोपणं पाणी. त्याला पत्ताही नाही. उलट परवा सोफ्यावर आडवा होऊन म्हणाला, आज जरा जास्तच चढली. मेल्या, पाणी चढलं होतं तुला.

पण ही बाटली आणून आठच दिवस झालेत, त्यात तो दोनदाच प्यायला. माझी टोपणं सगळी मिळून चार. तेवढ्याने बर्फ होत नाही, म्हणजे आणखी कोणीतरी दारू काढून पाणी भरतंय. आणि घरात तिसरं माणूस एकच, पंधरा वर्षांचं.

डोक्यात तिडीक गेली. हल्ली शाळेची पाण्याची बाटली लेक स्वतः धुते, स्वतः भरते. मी मेलीने त्याचं शेजारणीकडे कौतुक केलं होतं. गेल्या आठवड्यात सायकलवरून पडून कोपर फोडून आली, म्हणाली कुत्रं आडवं आलं. मी त्या कुत्र्याला शिव्या घातल्या.

सुरी टाकली आणि तिच्या खोलीत गेले. ती वही उघडून बसली होती. मी तिच्या दप्तरातून बाटली काढली, झाकण उघडून हुंगली. दिवसभर स्पिरिटच्या वासात असतं माझं नाक, ते फसत नाही.

मग माझा तोंडाचा पट्टा सुटला. कधीपासून, कोणाबरोबर, लाज कशी नाही वाटली, सायकलवर कुत्र्याऐवजी ट्रक आला असता तर काय केलं असतं. बापालाही सोडलं नाही. बारा वर्षांची असताना यानेच दारूत बुडवलेलं बोट तिच्या जिभेवर टेकवलं होतं आणि तिने तोंड वाकडं केल्यावर पाहुण्यांसकट हसला होता. ती खाली मान घालून सगळं ऐकत होती. मी दम खायला थांबले, तेव्हा तिने वर बघितलं.

"पण तुला तर माहीत होतं ना, आई."

"मला काय माहीत होतं?"

"मी घेते ते. मी बघितलंय तुला पाणी घालताना. मला वाटलं, बाबांना कळू नये म्हणून तू मला सांभाळून घेतेयस."

मी तिच्या पलंगावर बसले. इतका वेळ कोणावर चिडायचं ते मला नीट ठाऊक होतं. बाहेर नवरा अजून फोनवर ओरडत होता, यात पाणी कोणी घातलं तेवढं मला सांगा.

मी लेकीचा हात धरून तिला उठवलं, तिची बाटली घेतली आणि बाहेर गेले.

"फोन ठेव," म्हटलं. "मी सांगते."