चन्नप्पाशेठनी पाहिलेलं बोगोटा

गंगाखेडात कोलंबियाला जाऊन आलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे बियाण्याच्या दुकानाचे चन्नप्पाशेठ. त्यांच्याबरोबर त्यांची बायको गंगम्माही गेली होती, पण तिला कुणी काही विचारत नव्हतं, म्हणून ती मोजण्यात नव्हती. मार्च उजाडला तसे शेठ सुटले. गिऱ्हाईक फवारणीचं औषध मागायला यायचं आणि बोगोटाचा फळबाजार ऐकून जायचं. तिथं मक्याची भाकरी मिळते, तिला आरेपा म्हणतात. तिथं गरम चॉकलेटात चीजचा तुकडा बुडवून खातात. तिथल्या बसगाड्याही आपल्या एसटीसारख्या लाल. रविवारी अर्ध्या शहरातले रस्ते मोटारींना बंद करून लोक सायकली हाणतात. हे सगळं शेठ अशा थाटात सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं यांनी ते शहर पालथं घातलं आहे.

खरं असं होतं, की शेठ विमानतळावरून मुलाच्या घरी गेले आणि तेवीस दिवसांनी घरातून विमानतळावर आले. मधला सगळा मुक्काम शिवप्रकाशच्या नवव्या मजल्यावरच्या सोफ्यावर झाला. अंगात दोन स्वेटर, डोक्याला माकडटोपी आणि मोबाइलवर मराठी मालिका. बोगोटा त्यांनी खिडकीतून पाहिलं, तेही काच न उघडता.

कारणं दोन होती. निघण्याआधी शेजारच्या मेडिकलवाल्या राजेश्वरनं त्यांना एक व्हिडिओ दाखवला होता, त्यात भर रस्त्यात कुणाच्या तरी गळ्यातली साखळी हिसकावून नेत होते. तो कुठल्या देशातला होता हे राजेश्वरलाही ठाऊक नव्हतं. शेठच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, आंघोळीलाही न उतरवलेलं. ज्याच्या गळ्यात लिंग त्याला जगात कुणाचं भय नाही, असं ते दुकानात कायम सांगत. पण ते गंगाखेडच्या हद्दीत. दुसरं कारण हवेचं. ते शहर साडेआठ हजार फुटांवर, आणि पहिल्या दिवशी टॅक्सीपासून लिफ्टपर्यंत चालताना शेठना धाप लागली. इथली हवा पातळ आहे, आपल्याला मानवणार नाही, असा निकाल देऊन ते जे बसले ते बसले.

गंगम्माच्याही गळ्यात तेच लिंग होतं आणि तिलाही तीच हवा होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पूजा आटोपली, कपाळाला भस्माचे तीन पट्टे ओढले, लुगड्यावर लेकाचं जाकीट चढवलं, पांढरे कॅनव्हासचे बूट घातले आणि शेजारच्या रोसाल्बा नावाच्या विधवा बाईबरोबर ती बाहेर पडली. रोसाल्बाला मराठी येत नव्हती आणि गंगम्माला स्पॅनिश, पण दोघींपैकी एकीनंही त्यापायी तोंड बंद ठेवलं नाही. रोज संध्याकाळी गंगम्मा परत यायची, भाकरी टाकायची आणि वाढता वाढता दिवसभराचं सांगायची. शेठ अर्ध्या कानानं ऐकायचे. उरलेला दीड मालिकेकडे असायचा.

या अर्ध्या कानाच्या जोरावर त्यांची कीर्ती सिद्धोधन सरांपर्यंत गेली. सर तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले आणि आता वाचनालय सांभाळणारे. दहावीच्या पुस्तकात ब्राझील होता, म्हणून त्यांना ब्राझील तोंडपाठ. त्याच्या वरच्या बाजूचा कोलंबिया त्यांनी नकाशात नुसता खडूनं रंगवला होता. रंगवताना दर वर्षी त्यांना वाटायचं, इथं माणसं सकाळी उठून काय खात असतील? एका दुपारी ते वही घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, येत्या रविवारी सहा वाजता वाचनालयात चन्नप्पाशेठनी बोगोटावर बोलावं. शेठनी हो म्हटलं आणि सर रस्ता ओलांडून गेल्यावर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दुकानातल्या गप्पा वेगळ्या, तिथं अडचण आली की बियाण्याची पिशवी पुढं सरकवता येते. वाचनालयात सगळं गाव समोर आणि सरांच्या हातात वही. तिथं पितळ उघडं पडलं, तर यांच्या बियाण्याच्या उगवणशक्तीवर तरी कुणी का विश्वास ठेवावा?

म्हणून शनिवारी संध्याकाळी शेठ स्वयंपाकघरात पाटावर बसले, मांडीवर कागद घेऊन. गंगम्मा तूर निवडत होती. ते कशासाठी आलेत ते तिला कळलं, पण तसं न दाखवता ती निवडता निवडता सांगू लागली. कांदेलारिया ही जुनी पेठ, घरं निळी-पिवळी, रस्ते चढाचे. पालोकेमाओचा बाजार, तिथं पहाटे फुलांचे भारेच्या भारे. तिथलं लुलो नावाचं फळ बाहेरून संत्र्यासारखं, आतून हिरवं आणि आंबट. मोन्सेरातेच्या डोंगरावर देऊळ, वर जायला दोरावरची गाडी. शेठ भराभर लिहीत होते. ती राखेच्या बुधवारापाशी, तिथले लोक कपाळाला राख लावतात त्या दिवसापाशी आली तेव्हा त्यांनी तिला हातानं थांबवलं.

"ते ऱ्हाऊ दे. राखेचं मला म्हाईत हाय."

ती क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली आणि पुन्हा तुरीतले खडे वेचू लागली.

रविवारी वाचनालय भरलं. राजेश्वर पहिल्याच रांगेत, कारण त्या प्रवासात आपलाही वाटा आहे असं त्याला वाटत होतं. गंगम्मा तिसऱ्या रांगेत धुरपताबाईंच्या शेजारी. शेठनी कागद समोर धरून सुरुवात केली आणि दहा मिनिटांत कागद खिशात घातला, इतका त्यांना रंग चढला. घासाघीस करून त्यांनी पालोकेमाओत लुलो विकत घेतलं. धाप न लागता ते मोन्सेराते चढले, दोरावरची गाडी बायकांसाठी सोडून. गंगम्मानं पदर तोंडाला लावला.

शेवटाला त्यांनी राखेचा बुधवार काढला. शिवरात्रीनंतर तिसराच दिवस, असं ते आवाज खाली आणून सांगू लागले. सकाळी पूजा करून बाहेर पडलो, तर काय बघावं? बसचा ड्रायव्हर, बँकेतला साहेब, फुलं विकणारी बाई, ज्याच्या त्याच्या कपाळाला भस्म. तीन आडवे पट्टे, अगदी आपल्यासारखे. सातासमुद्रापलीकडं अख्खं शहर शंकराचं. सभेत दोन-चार म्हाताऱ्यांनी हात जोडले.

सिद्धोधन सरांनी मात्र हात वर केला. त्यांच्या वाचनात आलं होतं, की त्या दिवशी चर्चमध्ये राखेनं कपाळावर क्रूस काढतात. तर हे पट्ट्यांचं नक्की कसं, असं त्यांनी अदबीनं विचारलं.

शेठ जराही अडखळले नाहीत. "पुस्तकातलं येगळं अस्तंय, सर. मी ह्या डोळ्यांनी बघितलंय."

सरांचा चेहरा उजळला. असंच असतं, ते लोकांकडे वळून म्हणाले, पुस्तकं लिहिणारे जागेवर जात नाहीत. मग त्यांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि ठळक अक्षरांत लिहायला लागले: तीन आडवे पट्टे.

एवढा वेळ गंगम्मानं सगळं गिळलं होतं. डोंगर गिळला, लुलो गिळलं. पण तो भला माणूस इतक्या वर्षांची हौस घेऊन खोटं लिहून घेतोय, हे तिला बघवेना.

"सर, ते खोडा," ती जागेवरून म्हणाली. "क्रूसच व्हता."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या आणि मग शेठकडे. बायकांच्या लक्षात राहत नाही, असं एक वाक्य त्यांच्या जिभेवर तयार होतं. दुकानात ते शंभरदा चाललं असतं. पण सरांचं पेन कागदावर टेकलेलंच होतं आणि ते शेठकडेच बघत होते, की खोडू की ठेवू. इतक्या विश्वासानं कुणी आपल्याकडे बघितल्याचं शेठना आठवेना. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"खोडा," ते म्हणाले. "ती गेल्ती. मी घरीच व्हतो."

किती दिवस, असं राजेश्वरनं विचारलं. तेवीसच्या तेवीस, असं शेठनी सांगितलं. मग जो हशा झाला तो समोरच्या हॉटेलपर्यंत ऐकू गेला. हसण्याचा भर ओसरल्यावर सरांनी खुर्ची पुढं ओढली आणि वहिनींनी इथं यावं म्हणून विनंती केली. शेठ उठून तिसऱ्या रांगेत धुरपताबाईंच्या शेजारी जाऊन बसले.

गंगम्मा तासभर बोलली. तिला भाषण येत नव्हतं, तिनं नुसतं सांगितलं. आरेपा खाताना पहिल्यांदा लसणाची चटणी आठवली, मग ती पिशवीतून नेऊन रोसाल्बाला चारली, आणि ती बाई कशी नळाखाली तोंड धरून हसत होती. राखेच्या बुधवारी रोसाल्बाबरोबर ती रांगेत उभी राहिली, कारण सगळ्यांच्या कपाळाला राख म्हणजे हे आपलेच लोक, असं तिला वाटलं. पाद्री तिच्यापाशी आला, तिचे तीन पट्टे बघून थबकला. त्यानं अंगठा धरून जागा शोधली आणि भांगाच्या खाली एवढासा क्रूस काढला. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. सभेत मागून एक म्हातारा कुरकुरला, की हे बरं नव्हं. राखच ती, असं म्हणून गंगम्मा पुढं सांगू लागली. सर पानंच्या पानं लिहीत होते.

शेठ ऐकत होते, पहिल्यांदाच दोन्ही कानांनी. शहर त्यांना आवडलं. आपण तिथं होतो आणि नव्हतो, याचं त्यांना फार वाईट वाटलं. शेवटी त्यांनी बाकीच्यांसारखाच हात वर केला.

"क्रूस व्हता म्हणून मला का न्हाई सांगितलंस?"

गंगम्मानं सभेकडे नाही, त्यांच्याकडेच बघून सांगितलं. "सांगायचं काय त्यात? तसंच कपाळ घेऊन संध्याकाळी वाढलं की तुमाला. दोन भाकरी वाढल्या. तिसरी मागितली तवा समोर वाकून वाढली."

कुणी हसलं नाही. धुरपताबाईंनी मांडीवरची पिशवी उगाच नीट केली.

शेठनी मान वर करून बायकोच्या कपाळाकडे बघितलं. सकाळचं भस्म अजून होतं, तीन पट्टे, त्यातला मधला जरा तिरका. तो आजच तिरका होता की लग्न झाल्यापासून, हे त्यांना सांगता आलं नसतं.